गोणपाटावरचे शंभर दाणे आणि दोन चुका: परिकल्पना चाचणी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

थिसिसच्या चौथ्या प्रकरणात मी एकच वाक्य अकरा वेळा लिहिलं होतं. ‘या ट्रीटमेंटचा कोणताही परिणाम आढळला नाही.’ ट्रीटमेंट म्हणजे प्लॉटवर तपासलेली फवारणी, खत वगैरे. तक्त्याखाली ‘एन.एस.’ (नॉट सिग्निफिकंट, म्हणजे फरक नशिबाच्या हेलकाव्यापलीकडचा ठरला नाही) आलं की खाली हे वाक्य, जणू रबरी शिक्काच. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली, चष्मा नाकावर खाली घेतला आणि एवढंच विचारलं, “परिणाम नाही, की तुम्हाला सापडला नाही?”

मी म्हणालो, “सर, एकच झालं ना?”

पुढची पंधरा मिनिटं कशी गेली ते सांगत नाही. संख्याशास्त्राचे दोन्ही पेपर मी बऱ्या मार्कांनी पास झालो होतो. पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीची व्याख्या पाठ होती. पण ती व्याख्या आपल्याच प्लॉटमध्ये, आपल्याच तक्त्यात बसलेली असते हे कोणी दाखवलं नव्हतं. आता ज्युनिअर मुलं सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, घेऊन येतात तेव्हा मी त्यांना सूत्रांपासून सुरुवात करू देत नाही, गोणपाटापासून करायला लावतो. तेच इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

आधी हे जमवा

- सोयाबीनचे १०० दाणे, जमल्यास ४००. एक स्वच्छ गोणपाट आणि पाणी. सोयाबीन नसेल तर हरभरा चालेल, फक्त आकडे बदलतील.
- एक्सेल, किंवा फुकट मिळणारं ‘आर’ हे सॉफ्टवेअर. दोन्ही नसेल तर साधा कॅल्क्युलेटर आणि टी-टेबल.
- तुमच्या विभागाच्या लायब्ररीतले त्याच पिकावरचे तीन-चार जुने थिसिस. त्यांतला फक्त सी.व्ही.चा (कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे प्लॉटाप्लॉटांतला हेलकावा सरासरीच्या किती टक्के) आकडा हवा आहे.
- सिनॉप्सिसची प्रत.
- तारीख घालून लिहायची एक वही. ही वही सगळ्यात महत्त्वाची. का ते सातव्या पायरीत कळेल.

१. दाणे भिजवण्याआधी दावा लिहा

घरचं सोयाबीन बियाणं म्हणून वापरायचं तर पेरणीआधी उगवण तपासतात. कृषी विभाग दर उन्हाळ्यात गावोगाव हेच दाखवतो: गोणपाट ओला करून पसरायचा, दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून ओलं गोणपाट झाकून गुंडाळी करायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी उलगडून नीट कोंब आलेले दाणे मोजायचे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवण ७० टक्के असावी लागते. म्हणून शंभरात ७० किंवा जास्त उगवले तर नेहमीचं एकरी ३० किलो बियाणं पुरतं, असा साधा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात काकांचा फोन आला. “शंभरात सहासष्ट आलेत रे. पेरू का नको?”

सगळी परिकल्पना चाचणी या एका प्रश्नात आहे. आपल्याला शंभर दाण्यांबद्दल काही विचारायचं नाही, ते तर उगवून संपले. विचारायचं आहे खोलीत थप्पी मारून ठेवलेल्या पोत्यांबद्दल, आणि ती आपण मोजलेली नाहीत. म्हणून आधी दावा मांडायचा: ‘या लॉटची खरी उगवण ७० टक्के किंवा त्याहून जास्त आहे.’ ही आपली शून्य परिकल्पना. कॉलेजात सगळे तिला ‘नल’च म्हणतात. समोरचा दावा: ‘खरी उगवण ७० पेक्षा कमी आहे.’ ही पर्यायी परिकल्पना. दोन्ही वाक्यं वहीत, तारखेसह, दाणे भिजायच्या आधी लिहायची.

सापळा: परिकल्पना नेहमी पोत्यांबद्दल असते, नमुन्याबद्दल नाही. ‘शंभरात ७० दाणे उगवतील’ ही परिकल्पना नव्हे, ते भाकीत झालं.

२. दोन्ही चुका आपल्या भाषेत, किमतीसह लिहा

लॉट चांगला असूनही नमुन्यात नेमके न उगवणारे दाणे जास्त आले आणि आपण तो नापास केला, ही पहिल्या प्रकारची चूक. तिची शक्यता म्हणजे अल्फा. लॉट खराब असूनही नमुना बरा निघाला आणि आपण तो पेरला, ही दुसऱ्या प्रकारची चूक. तिची शक्यता म्हणजे बीटा. आणि खराब लॉट खराब म्हणून पकडला जाण्याची शक्यता, म्हणजे १ वजा बीटा, तिला चाचणीची पॉवर म्हणतात.

पहिली-दुसरी यांत गोंधळ होत असेल तर राखणीचं कुत्रं आठवा. उगाच भुंकलं आणि तुम्ही बॅटरी घेऊन शेतात धावलात, ही पहिली. रानडुकरं भुईमूग उकरून गेली आणि कुत्रं झोपलेलंच राहिलं, ही दुसरी.

नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. किंमत मात्र लिहाच. काकांच्या बाबतीत पहिल्या चुकीची किंमत: चांगलं बियाणं मिलला धान्याच्या भावाने जाणार आणि बाजारातून महागाच्या पिशव्या आणाव्या लागणार. दुसऱ्या चुकीची किंमत: विरळ उगवण, दुबार पेरणी, आणि पेरणीची वेळ गेली ती गेली. दोन्ही चुका सारख्या नाहीत. कोणती आपल्याला जास्त जड आहे हे कुठल्याही सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं, ते आपणच सांगायचं असतं.

चुकांची ही जोडी मांडली येर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांनी. त्यांचा मुख्य निबंध १९३३ सालचा. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत पानसे-सुखात्मे यांचं संख्याशास्त्राचं जाडजूड पुस्तक सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान कपाटात. त्यांतले पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते लंडनला गेले, आणि १९३६ साली त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजात पीएच.डी. केली ती याच नेमन-पिअर्सन यांच्या सहवासात. म्हणजे ‘हे सगळं परदेशी, आपल्या शिवाराशी त्याचा काय संबंध’ असं म्हणायला आपल्याला फारशी जागा नाही.

३. रेषा कुठे ओढायची ते ठरवा

किती दाणे उगवले तर लॉट नापास? बहुतेक जण म्हणतात, “७० पेक्षा कमी आले की नापास.” ऐकायला बरोबर वाटतं. आता गणित बघा.

लॉटची खरी उगवण बरोब्बर ७० टक्के आहे असं धरा. तरीही दर वेळी शंभर दाणे घेतले की ७० येणार नाहीत. कधी ६६, कधी ७४, कधी ७१. या हेलकाव्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडा सरासरीच्या साधारण किती इकडेतिकडे होतो ते माप, येतं १०० × ०.७ × ०.३ याचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ४.६ दाणे. म्हणून ‘७० पेक्षा कमी तर नापास’ हा नियम लावला तर पुरता पास होण्याच्या लायकीचा लॉट १०० पैकी ४५ वेळा नापास होतो. जवळजवळ छापा-काटाच.

मग रेषा खाली आणू. तीन रेषा तुलनेला घेतल्या आहेत. डावीकडे खरी उगवण ७० असताना लॉट नापास होण्याची शक्यता, उजवीकडे खरी उगवण ६० असताना तो पास होण्याची शक्यता:

- ७० पेक्षा कमी आले तर नापास: पहिली चूक ४५ टक्के, दुसरी चूक २.५ टक्के
- ६६ पेक्षा कमी आले तर नापास: पहिली चूक १६ टक्के, दुसरी चूक १३ टक्के
- ६२ पेक्षा कमी आले तर नापास: पहिली चूक ३ टक्के, दुसरी चूक ३८ टक्के

हे आकडे तुम्ही स्वतः काढून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. एक्सेलमध्ये बायनॉम डॉट डिस्ट हे फंक्शन घ्या आणि कंसात ६१, १००, ०.७, ट्रू असं भरा. सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत टाइप करायचं. उत्तर ०.०३४ येईल. तिसऱ्या ओळीतली पहिली चूक ती हीच. ०.७ च्या जागी ०.६ घालून आलेलं उत्तर १ मधून वजा केलंत की दुसरी चूक मिळते.

तीन ओळी एकाखाली एक वाचल्यात तर जे व्याख्येतून कळत नाही ते कळेल: दाणे शंभरच ठेवून रेषा सरकवली की एक चूक कमी होते आणि दुसरी वाढते. चादर तेवढीच आहे, डोकं झाकलं की पाय उघडे पडणार.

मग पहिल्या चुकीसाठी, म्हणजे अल्फासाठी, सगळे धरतात तो ५ टक्क्यांचा आकडा आला कुठून? संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी विसात एक ही सोयीची मर्यादा म्हणून सुचवली, आणि तीच पुढे रुळली. सोय होती, धर्मशास्त्र नव्हतं. तुमच्या विद्यापीठात ५ टक्केच चालत असेल तर ५ टक्के वापरा, भांडण नको. पण समोर बीटा किती होतोय ते स्वतःपुरतं तरी काढून ठेवा.

४. शून्य परिकल्पना कोणाच्या बाजूने झुकली आहे ते बघा

ही पायरी मला कोणी शिकवली नाही आणि मला ती सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते.

वर आपण ‘लॉट चांगला आहे’ इथून सुरुवात केली आणि तो खराब असल्याचा पुरावा मागितला. ५ टक्क्यांच्या आत राहायचं तर ६१ किंवा कमी आले तरच नापास करता येतं. म्हणजे ६२ आले तरी लॉट सुटला! बियाणं विकणाऱ्याला ही मांडणी फार सोयीची.

आता उलट करा. ‘लॉट ७० च्या वर नाही’ अशी शून्य परिकल्पना घ्या आणि चांगला असल्याचा पुरावा मागा. त्याच ५ टक्क्यांत आता शंभरात ७८ किंवा जास्त दाणे उगवले पाहिजेत, तरच ‘हा लॉट ७० च्या वर आहे’ असं ठामपणे म्हणता येईल. पेरणाऱ्याला ही मांडणी सोयीची.

तोच गोणपाट, तेच दाणे, तेच ५ टक्के. एका मांडणीत ६२ ला पास, दुसऱ्या मांडणीत ७७ लाही नाही. ६२ ते ७७ हा सगळा पट्टा असा की शंभर दाण्यांच्या जोरावर कुठलीच बाजू ठाम सांगता येत नाही. काकांचे ६६ या पट्ट्याच्या आत.

म्हणून कोणी ‘आमच्या चाचणीत काही दोष आढळला नाही’ म्हणालं की आधी विचारायचं: सिद्ध करायची जबाबदारी कोणावर टाकली होती? औषध असो, पाण्याचा नमुना असो की टॉनिकची फवारणी. माझ्या थिसिसमधली अकरा वाक्यं याच पट्ट्यात उभी होती आणि मी त्यांना ‘परिणाम नाही’ म्हणून मोकळा झालो होतो.

सापळा: शून्य परिकल्पना ‘स्वीकारली’ असं लिहू नका. ‘नाकारता आली नाही’ एवढंच लिहायचं. हा शब्दांचा खेळ वाटतो, पण परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतात.

५. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर चादर मोठी करा

रेषा सरकवून भागत नाही तेव्हा दाणे वाढवायचे. बीज परीक्षण प्रयोगशाळांत उगवणीची चाचणी शंभर-शंभरच्या चार भागांत ४०० दाण्यांवर करतात ती उगाच नाही.

४०० दाणे, खरी उगवण ७० टक्के, तर अपेक्षित २८० आणि प्रमाण विचलन साधारण ९.२. दाणे चौपट झाले पण हेलकावा फक्त दुप्पट झाला. सगळी कमाई इथे आहे. ‘२६५ पेक्षा कमी आले तर नापास’ असा नियम ठेवला तर पहिली चूक ५ टक्क्यांच्या आत राहते, आणि ६० टक्केवाला लॉट निसटण्याची शक्यता ३८ वरून १ टक्क्याच्याही खाली येते.

इथेच आणखी एक गोष्ट. बीटा हा एकच एक आकडा नसतो. ‘किती खराब लॉट पकडायचा आहे?’ या प्रश्नावर तो ठरतो. ६० टक्केवाला लॉट ४०० दाण्यांत जवळपास हमखास पकडला जातो. ६५ टक्केवाला? शंभर दाण्यांत तो ७७ टक्के वेळा निसटतो, ४०० दाण्यांतही ३२ टक्के वेळा. म्हणून ‘माझ्या चाचणीची पॉवर ८० टक्के आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कशासाठी ८० टक्के, ते सोबत हवंच.

सापळा: चारशेच्या चारशे दाणे वरच्या एकाच पोत्यातून घेतले तर वरचं सगळं गणित फुकट. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणीत, हाताळणीत, आपटाआपटीत दाणा दुखावतो आणि तळाच्या पोत्यांची गत वरच्यासारखी असेलच असं नाही. अल्फा आणि बीटा फक्त नशिबाच्या हेलकाव्याचा हिशेब ठेवतात. नमुनाच कलता असेल तर त्याची जबाबदारी ते घेत नाहीत. सगळ्या पोत्यांतून मूठमूठ काढा, एकत्र मिसळा, मग मोजा.

६. आता हेच तुमच्या प्लॉटवर लावा

शेतातल्या प्रयोगात दाण्यांची जागा रेप्लिकेशन घेतं, म्हणजे तीच ट्रीटमेंट किती प्लॉटांत पुन्हा पुन्हा केली ते. आपल्याकडे ठरलेलं असतं: सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, आर.बी.डी. (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे जमिनीचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटायच्या). का? तर एररचे डी.एफ. (डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे हेलकावा मोजायला मिळणारी स्वतंत्र माहिती) बारा होतात आणि बारा झाले की गाईड सही करतात. यात बीटाचा विचार कुठेही नाही.

जुन्या थिसिसमधून सी.व्ही. काढा. समजा १५ टक्के निघाला. सोयाबीनच्या उत्पादनाला यात नवल काही नाही. सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासरींत निदान एवढा फरक असेल तरच तो सिग्निफिकंट) सरासरीच्या किती टक्के येणार हे पेरणीआधीच कळतं: टी-टेबलमधला टी गुणिले सी.व्ही. गुणिले (२ भागिले रेप्लिकेशन) याचं वर्गमूळ. बारा डी.एफ.ला ५ टक्क्यांवर टी २.१८. म्हणजे २.१८ × १५ × ०.८१६, जवळजवळ २७ टक्के.

जरा थांबून बघा. हेक्टरी २० क्विंटल सरासरी असेल तर सी.डी. सव्वापाच क्विंटलच्या वर. तुमच्या ट्रीटमेंटने खरोखर ३ क्विंटल वाढत असतील, म्हणजे १५ टक्के, आणि हे शेतकऱ्याच्या दृष्टीने भरपूर आहे, तरी हा प्रयोग ते सिग्निफिकंट म्हणून दाखवणार साधारण पाचांतून एकदा. उरलेल्या चार वेळा एन.एस. आणि खाली माझं ते शिक्क्याचं वाक्य.

मग किती रेप्लिकेशन हवीत? ५ टक्के अल्फा आणि ८० टक्के पॉवरसाठी हाताशी ठेवायचा ढोबळ नियम: १६ गुणिले (सी.व्ही. भागिले पकडायचा फरक) याचा वर्ग, दोन्ही टक्क्यांत. सी.व्ही. १५ आणि फरक १५ असेल तर १६ रेप्लिकेशन! फरक ३० टक्क्यांचा पकडायचा असेल तर ४. ‘आर’मध्ये पॉवर डॉट टी डॉट टेस्ट ही आज्ञा हेच जास्त नेमकं काढून देते.

सोळा रेप्लिकेशन एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मिळणार नाहीत, मला माहीत आहे. मजूर, जागा, पाणी, सगळ्याचीच ओढ असते. मग हातात काय उरतं? ट्रीटमेंट सातावरून चारावर आणून वाचलेल्या जागेत रेप्लिकेशन वाढवा. ब्लॉक जमिनीच्या चढउताराला धरून आखा म्हणजे सी.व्ही. उतरतो. सी.व्ही. १५ वरून १० वर आला तर १६ ची ७ होतात, आणि हे काम फुकटात होतं. दोन हंगाम किंवा दोन ठिकाणं मिळत असतील तर घ्या. आणि तरीही जमत नसेल तर सिनॉप्सिसमध्ये सरळ लिहा की या प्रयोगात २५-३० टक्क्यांखालचा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे. गाईड कदाचित तोंड वाकडं करतील. व्हायव्हाला मात्र हेच वाक्य तुमच्या बाजूने उभं राहील.

सापळा: कमी पॉवरच्या प्रयोगात चुकून सिग्निफिकंट आलंच तर हुरळून जाऊ नका. खरी वाढ १५ टक्के आणि सी.डी. २७ टक्के, तर सिग्निफिकंट दिसायला तक्त्यात किमान २७ टक्के वाढ दिसावी लागेल. म्हणजे छापला जाणारा आकडा खऱ्याच्या जवळपास दुप्पट. पुढच्या हंगामात शेतकरी म्हणतो, “तुमच्या कॉलेजात वाढतं, आमच्याकडे वाढत नाही.” त्याचं चूक नसतं.

७. पी व्हॅल्यू आल्यावर हात बांधून ठेवा

पी ०.०३ आला म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता ३ टक्के, असं नव्हे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली निवेदन काढून ज्या गैरसमजांवर बोट ठेवलं त्यांत हाही आहे. पी सांगतो ते एवढंच: खरोखर काहीही फरक नसता तर इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता.

हे का महत्त्वाचं, ते टॉनिकच्या हिशेबाने बघा. बाजारातली १०० टॉनिकं तपासली असं समजू, त्यांतली खरंच काम करणारी १०. कुचकामी ९० पैकी ५ टक्के, म्हणजे चार-पाच, नुसत्या नशिबाने ‘उत्पादन वाढवतं’ म्हणून पास होतील. खऱ्या दहांपैकी, पॉवर वरच्यासारखी २० टक्केच असेल तर, दोन पास होतील. ‘सिद्ध झालेल्या’ सहा-सात टॉनिकांतली चार-पाच खोटी! अल्फा ५ टक्केच होता, कोणी लबाडी केली नव्हती. दुसऱ्या चुकीकडे दुर्लक्ष केलं की पहिली अशी मागच्या दाराने येते.

आणि ०.०६ आला की सगळ्यांना तो एक प्लॉट आठवतो. “त्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं, तो काढून बघू का?” पाणी साचल्याची नोंद त्या दिवशी, तारखेसह वहीत असेल तर त्यावर गाईडशी बोला. पी बघितल्यावर पाणी आठवलं असेल तर तो प्लॉट जिथे आहे तिथेच राहू द्या. एका बाजूची चाचणी (फक्त वाढ शोधणारी) की दोन बाजूंची (वाढ आणि घट दोन्ही), हेही आधी ठरवायचं. सोयीची तेवढी चाचणी नंतर निवडली तर वहीत ५ टक्के लिहिलेला अल्फा प्रत्यक्षात किती झाला ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

८. निरीक्षणं मोजा

उंची, फांद्या, शेंगा, शंभर दाण्यांचं वजन, ३०, ४५, ६० दिवसांना. बघता बघता वीस तक्ते होतात. कशातच काही फरक नसताना वीस स्वतंत्र चाचण्या केल्या तर निदान एक तरी सिग्निफिकंट दिसण्याची शक्यता ६४ टक्के: ०.९५ चा विसावा घात काढा आणि १ मधून वजा करा. एकाच झाडावरची निरीक्षणं एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे आकडा नेमका हाच राहत नाही, धोका राहतो.

उपाय साधे. मुख्य निरीक्षण कोणतं ते सिनॉप्सिसमध्ये एकच नेमा, बहुधा उत्पादन. बाकीची साहाय्यक. एफ (सगळ्या ट्रीटमेंटची एकत्र चाचणी) सिग्निफिकंट असेल तरच सी.डी. लावून जोड्या बघायच्या, हा जुना नियम पाळा. फारच कडक राहायचं तर बोन्फेरोनीप्रमाणे ०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागा, विसांसाठी ०.००२५. मात्र मर्यादा इतकी आवळली की बीटा पुन्हा वर जातो. तिसरी पायरी आठवा.

९. लिहिताना

‘परिणाम आढळला नाही’ या वाक्याच्या जागी फरक आणि त्याची पल्ला-मर्यादा लिहा. सी.डी. हाताशी असतेच, दोन ट्रीटमेंटच्या सरासरींतला फरक अधिक-उणे सी.डी. केलं की ९५ टक्क्यांचा पल्ला मिळतो, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. माझ्या थिसिसमधलं वाक्य आज मी असं लिहीन: ‘फवारणीमुळे हेक्टरी ३ क्विंटल वाढ दिसली, ९५ टक्के पल्ला उणे २.३ ते अधिक ८.३ क्विंटल. या प्रयोगावरून वाढ नाही असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही म्हणता येत नाही.’ वाचणाऱ्याला यातून दिसतं की ८ क्विंटलपर्यंतची वाढ अजून शक्यतेत आहे. नुसत्या ‘एन.एस.’मधून ते कधीच दिसलं नसतं.

‘दोन्ही वाण सारखेच आहेत’ असं म्हणायचं असेल तर त्यासाठी वेगळी, समतुल्यतेची चाचणी असते. एन.एस.ला ते काम सांगू नका.

काकांचं राहिलं. त्यांच्या ६६ चा ९५ टक्के पल्ला ५७ ते ७५ निघत होता, म्हणजे पेरूही नका आणि मिललाही देऊ नका. मे महिना होता, हातात वेळ होता. मी त्यांना सगळ्या पोत्यांतून काढून ४०० दाणे लावायला सांगितले. आठव्या दिवशी आकडा आला २५९. आमच्या नियमाप्रमाणे नापास, आणि पल्ला ६० ते ६९. पण नापास झालं म्हणून बियाणं टाकायचं कशाला? उगवण ६५ च्या आसपास आहे हे कळल्यावर ३० किलोला ७० ने गुणलं, ६५ ने भागलं, एकरी साधारण ३२ किलो ३०० ग्रॅम आलं. पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करायची, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“म्हणजे सव्वादोन किलोसाठी चारशे दाणे मोजायला लावलेस?” काका म्हणाले. मी म्हटलं, “हो.” त्यांनी एकरी तेहतीस किलो पेरलं.